उन्हाळी स्काऊट शिबिर: लेकरं तयार आहेत, घरच्यांना कसं तयार करू?

शिट्टीमास्तर

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गणित शिकवतो आणि ११ वर्षांपासून शाळेचं स्काऊट पथक चालवतो. मेच्या पहिल्या आठवड्यात आमचं तीन रात्रींचं शिबिर आहे. जागा बालाघाटच्या डोंगरात, एका देवस्थानच्या धर्मशाळेचं आवार. २४ स्काऊट, शेजारच्या कन्या शाळेच्या १६ गाईड आणि आम्ही पाच मोठी माणसं. येत्या रविवारी पालकसभा आहे आणि तिथं काय बोलावं याची मला शिबिरापेक्षा जास्त धास्ती आहे.

मागच्या वर्षीचं सांगतो. सभा घेतली होती, छापील यादी वाटली होती, सह्या घेतल्या होत्या. पहिल्या रात्री साडेनऊला शेकोटी विझत आली आणि फाटकावर मोटारसायकल थांबली. पुढे वडील, मागे आई, आईच्या मांडीवर डबा. "काही नाही सर, त्याला आमटी चालत नाही म्हणून भाजी आणली." डबा घेतला, त्यांना वाटेला लावलं, पण पोरानं आईचा आवाज ऐकला होता. तो रडायला लागला. त्याला बघून तंबूतले अजून दोघं. दुसऱ्या दिवशी चार गाड्या आल्या. तिसऱ्या दिवशी एक आजी रिक्षा करून आली आणि नातवाला बघितल्याशिवाय उठणार नाही म्हणून पायरीवर बसली. चहा पाजून पाठवावं लागलं.

बॅगांची तर वेगळीच तऱ्हा. सहावीतल्या एकाच्या बॅगेत सात ड्रेस, कोरे करकरीत बूट, साडेतीन किलो लाडवाचा डबा, आणि पाण्याची बाटली नाही. टॉर्च कुठंय विचारलं तर म्हणे, "मम्मीला माहीत."

या वर्षी सभेत सांगायचं म्हणून मी हे काढलंय:

बॅग लेकरानंच भरायची. आईनं समोर बसावं, हात लावू नये. एकदा भरून झाली की सगळी उपसून परत त्याच्याकडूनच भरून घ्यावी, तीही लाईट बंद करून. कपडे तीन जोड, गणवेश आणि स्कार्फ धरून. बूट रोजचेच. नव्या बुटानं पहिल्याच दिवशी टाचेला फोड येतो आणि पोरगं तीन दिवस बसून राहतं. टोपी, मोठा रुमाल, दोन लिटरची बाटली, ताट-वाटी-पेला, टॉर्च, दोरी. मोबाईल नाही. रोज रात्री आठला पालकांच्या ग्रुपवर मी एक निरोप टाकीन, तेवढाच. भेटायला कुणी यायचं नाही, चौथ्या दिवशी समारोपाला सगळ्यांनी यायचं.

आणि शिबिराआधी किमान तीन रात्री लेकराला गच्चीवर किंवा अंगणात झोपवायचं, आईबापापासून लांब.

अजून काय सांगावं? काय सुटलं?

मूळजालना_आतापुणे

मी आठवीत असताना म्हैसमाळला गेलो होतो शिबिराला. एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. खाली संभाजीनगरात घामानं जीव जातो म्हणून आईनं चादर सुद्धा दिली नाही. म्हैसमाळ हजार मीटरच्या वर, रात्री दीडला असा गार वारा सुटला की आम्ही तिघांनी मिळून एका सतरंजीत रात्र काढली. डोंगरातलं शिबिर असेल तर पांघरूण लिहाच.

दुसरं, डाव्या हाताचं सांगा. घरी आलो आणि स्काऊटसारखा आजीपुढे डावा हात केला. पाठीत धपाटा बसला, खायचा नव्हे. स्काऊट जगभर डाव्या हातानंच हस्तांदोलन करतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपल्याकडे डाव्या हाताचं काय आहे हे स्काऊटवाल्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

नुसता_वाचक

मूळ प्रश्नच विचारतो. मराठवाड्यात मे महिन्यात शिबिर घ्यायची अवदसा आठवतेच कशी? पारा ४२-४३ ला, विहिरी तळाला. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तो भाग आपला. डिसेंबरात घ्या की.

शिट्टीमास्तर

@नुसता_वाचक, डिसेंबरात स्नेहसंमेलन, सहल, क्रीडा स्पर्धा. जानेवारीपासून दहावीचे सराव पेपर. उरला मे. १९०७ साली स्काऊटचा संस्थापक बेडन पॉवेलनं ब्राऊनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं ते ऑगस्टात, पण इंग्लंडचा ऑगस्ट म्हणजे आपली दिवाळीनंतरची हवा. तिथली 'उन्हाळी शिबिर' ही कल्पना आपण तशीच उचलली आणि ऊन मात्र आपलंच राहिलं. म्हणून आमचं वेळापत्रक उलटं असतं. पहाटे पाचला शिट्टी, बी.पी. (म्हणजे बेडन पॉवेलचा) व्यायाम, ध्वज, तंबूंचं निरीक्षण, साडेदहाच्या आत मैदानातलं सगळं उरकायचं. अकरा ते चार सावलीत: गाठी, प्रथमोपचार, झोप. साडेचारनंतर मार्गाच्या खुणा, खेळ, रात्री शेकोटी. पाण्याचा टँकर देवस्थान देतं, पिण्याचे जार वेगळे.

डॉक्टर_अंबाजोगाई

वेळापत्रक ठीक आहे, पण घरचं वेळापत्रक त्याला जुळत नाही. परीक्षा संपली की पोरं कूलरपुढे मोबाईल घेऊन पडतात, दुपारी बाराला उठतात. अशा शरीराला एकदम उन्हात नेलं तर ते घाम गाळायला तयार नसतं. उन्हाची सवय व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून गच्चीवर झोपण्याइतकंच हेही सांगा की आठ-दहा दिवस आधीपासून लेकरू रोज सकाळ-संध्याकाळ तासभर बाहेर खेळलं पाहिजे आणि पहाटे उठलं पाहिजे.

पाणी तहान लागायची वाट न बघता प्यायचं. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडलं, हे लेकराला घरीच शिकवा, ते आम्हाला सांगायला लाजतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच. निम्मं पाकीट पेल्यात कालवून देणारे हुशार लोक दर उन्हाळ्यात भेटतात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मूल बरळायला लागलं, अंग तापलेलं, चालताना झोकांड्या, तर ओआरएस पाजत बसू नका. सावली, अंगावर पाणी, वारा आणि १०८.

विंचवाची भीती प्रत्येक आईला असते आणि ती खोटी नाही. लाल विंचू हृदयावर जातो. पण आता तो पूर्वीसारखा जीवघेणा राहिलेला नाही, त्याला कारण आपलाच माणूस. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. महाडला राहून त्यांनी प्राझोसिनची गोळी विंचूदंशावर चालते हे दाखवलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली. सभेत हे सांगा, लोकांना आपल्या माणसाचं नाव ऐकलं की धीर येतो. शिबिराच्या जागेपासून सर्वात जवळच्या कोणत्या दवाखान्यात प्राझोसिन आणि सर्पविषावरची लस आहे, हे आधी फोन करून विचारून ठेवा. बूट झटकून घालायचे, गोधडी झटकून पसरायची, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचायची. मण्यार बहुतेक वेळा रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही.

आणि एक परवानगी लिहून घ्या: वेळ आली तर घरच्यांचा फोन लागेपर्यंत थांबणार नाही, लेकरू आधी दवाखान्यात. 'आधी आमच्या मामाला दाखवा, ते उतरवतात' म्हणणारे पालक मी पाहिलेत. सभेतच तोंडावर सांगा, आधी गाडी, मग देव.

गोदाकाठची

सर, डबा घेऊन येणारी ती मी नव्हे, पण तशीच एक आहे 😀 परभणीहून लिहितेय. दोन वर्षांपूर्वी आमच्या धाकट्याच्या शिबिराला दुसऱ्या दिवशी धडकलो होतो. तुम्हाला वाटतं आई लेकरासाठी जाते. खरं सांगू का, घरात त्याची जागा रिकामी दिसत होती, कुरडयांचा चीक ढवळताना शेवटी चाखायला कुणी नव्हतं, आणि सासूबाई सकाळपासून "पोराला उपाशी ठेवलं असंल" चं दळण दळत होत्या. 'येऊ नका' म्हणून आम्ही थांबणार नाही. आम्हाला काहीतरी काम द्या.

आमच्या सरांनी पुढच्या वर्षी ते केलं. प्रत्येक घरानं लेकराला एक पत्र लिहायचं, बंद करून सरांकडे द्यायचं. दुसऱ्या रात्री शेकोटीनंतर वाटायचं. त्याच रात्री लेकरांनी घरी उत्तर लिहायचं, ते समारोपाला हातात. आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात बँकेच्या फॉर्मशिवाय काही लिहिलं नव्हतं. चार ओळींना दोन तास लागले. मी वाचायला मागितलं तर दिलं नाही.

तुमचा आठचा निरोपही चांगला, पण 'सर्व ठीक' लिहू नका. आज काय जेवले ते लिहा. सासूबाईंना तेवढंच हवं असतं.

कॅप्टनबाई_नांदेड

सर, १६ गाईड आहेत आणि तुमच्या यादीत मुलींबद्दल एक ओळ नाही. रागावून नाही म्हणत, सगळ्याच स्काऊट सरांचं असं होतं.

मुलींच्या आयांना जे विचारायचं असतं ते त्या भरल्या सभेत, बापे समोर असताना विचारत नाहीत. सभा संपल्यावर चपला घालताना हळूच विचारतात. म्हणून मी सभेनंतर अर्धा तास फक्त आया आणि मुली अशी बैठक घेते. संडास कुठंय, दाराला आतून कडी आहे का, रात्री जायचं तर सोबत कोण, अंघोळीला आडोसा कसला. मी आधी जागा बघून येते आणि मोबाईलवर फोटो दाखवते. कडीचा फोटो दाखवला की निम्म्या आया गप्प होतात.

पाळीचं उघड बोलायचं. तारीख जवळ आली म्हणून मुलीला घरी ठेवू नका. पॅड जास्तीचे द्या, आमच्या पेटीतही असतात, टाकायला कागद आणि झाकणाचा डबा असतो. शिबिर देवस्थानच्या आवारात आहे म्हणता, तर हे आधी ठरवून घ्या: पाळी आलेल्या मुलीला वेगळं बसवायचं नाही, आणि धर्मशाळेच्या लोकांना हे मान्य आहे ना. आमच्या एका शिबिरात मुलगी पहिल्यांदाच मोठी झाली, तिथंच. घाबरून गोधडीत तोंड घालून बसली होती. तिच्या संघनायिकेनं, नववीतल्या पोरीनं, सगळं नीट सांभाळलं. मी नंतर पोहोचले.

शेवटचं मुलींइतकंच मुलांनाही लागू. एक मोठं माणूस आणि एक लेकरू असं एकटं कुठंही राहणार नाही, तंबूत नाही, दवाखान्यात नाही, गाडीत नाही. हा नियम पालकांना सांगा आणि लेकरांनाही. आम्ही मोडला तर कुठं सांगायचं तेही सांगा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर मी फळ्यावर लिहिते. काही सहकाऱ्यांना ते आवडत नाही, आमच्यावर अविश्वास म्हणून. असू दे.

बालाघाटी

सर, मी तुमच्याच बाजूचा. आई-बाप पंधरा वर्षं ऊसतोडीला, कोयत्यावर, मी आजोबापाशी वाढलो. स्काऊटमुळे पहिल्यांदा गावाबाहेर झोपलो.

यादीबद्दल बोलतो. माझ्या वेळी यादीत 'स्लीपिंग बॅग, सॅक, ट्रॅकसूट' लिहिलं होतं. आजोबानं कागद बघितला, मला वाचायला लावला आणि म्हणाले, "राहू दे बाबा, हे आपल्याला जमायचं नाही." सर घरी आले म्हणून गेलो, नाहीतर गेलोच नसतो. तर यादीत 'गोधडी' लिहा. 'सॅक' नका लिहू, 'पिशवी' लिहा. 'ताट-वाटी, असेल ती' लिहा. तेवढ्या दोन शब्दांनी पाच-सहा लेकरं वाढतात.

सभेचा वार पण बघा. फड उठून लोक आताच घरी आलेत. मुकादमाचा हिशेब, लग्नं, खरिपाआधीची नांगरट, रविवारी सकाळी अकराला कोण येणार? रात्री आठला घ्या, पारावर घेतली तरी चालेल. आईबापाची सही नाही मिळाली तर आजा-आजीची चालवा, फोनवर आईबापाशी बोलून घ्या. आणि पैसे गोळा करताना कुणी दिले कुणी नाही ते ग्रुपवर टाकू नका. 🙏

बाकी ब्राऊनसीचं निघालंच म्हणून सांगतो, त्या पहिल्या शिबिरात पण वीसेक पोरांत बड्या शाळांतली आणि कामगारांची अशी दोन्ही मुद्दाम घेतली होती, संघात मिसळून. आपल्याकडे डॉक्टरचा पोरगा आणि ऊसतोड्याचा पोरगा एकाच तंबूत आला पाहिजे. तुम्ही संघ पाडताना वर्गवार पाडता का? नका पाडू.

आबा_उदगीर

नातू वाचून दाखवतोय, मी सांगतोय, तो टाईप करलाय.

मास्तर, तुम्ही सभेत आम्हाला शिकवणार म्हणता. आम्हाला काय येतं ते इचारा की आधी. नातवानं मला दोरीची गाठ दाखवली, क्लोव्ह हिच का काय म्हणला. म्हणलं, आरं ही तर खुंट्याची गाठ, पन्नास वर्षं बैल बांधलालो ह्याच गाठीनं. मग दुसरी दाखवली, न सरकणारी, माणूस वर ओढायची. ती पण येती, आडात पडलेलं वासरू काढलंय.

त्यानं अजून सांगितलं, शिबिरात बिनभांड्याचा स्वयंपाक करायचा असतो, नंबर काढतात. पोरं कांदे-बटाटे निखाऱ्यात घालतात आन् अर्धे जाळतात म्हणे. आरं पानगे करा! कणीक घट्ट मळायची, पळसाच्या पानात गुंडाळायची, गोवऱ्याच्या हारात, म्हंजी निखाऱ्यात, ठेवायची. भांडं लागत नाही, तवा लागत नाही. म्हातारी म्हणलाली, मी येऊन दाखवते, पण तिला गुडघ्याचं दुखणं.

शिट्टीमास्तर

आबा, तुमची पोस्ट तीन वेळा वाचली. ११ वर्षांत एकदाही पालकांना 'तुम्हाला काय येतं' विचारलं नाही, हे खरं.

सभा बुधवारी रात्री आठला ठेवली. यादी नव्यानं छापली, 'गोधडी' आणि 'पिशवी' लिहिलं. कॅप्टनबाईंचं बोलणं आमच्या गाईड कॅप्टनना दाखवलं, त्या म्हणाल्या, "मी हेच पाच वर्षं सांगतेय." तेही खरं. पालकांत दोघं वायरमन, एक शेळ्या राखणारे, एक बस कंडक्टर आणि तीन आज्या निघाल्या ज्यांना पानगे येतात.

एक प्रश्न व्यक्तिगत संदेशात आला, नाव न सांगता इथं उत्तर देतो, कारण हा एकाच घरचा नसतो. लेकरू रात्री अंथरूण ओलं करतं म्हणून पाठवायचं नाही, असं ठरलंय. पाठवा. मला एकट्यालाच सांगा. पिशवीच्या तळाला एक जास्तीची चड्डी आणि प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा. रात्री अकराला आणि पहाटे चारला मी तंबूंची फेरी मारतोच, तेव्हा 'पहाऱ्यावर चल' म्हणून त्याला उठवीन. दरवर्षी असे एक-दोन असतात, आजवर कुणाला कळलेलं नाही.

डॉक्टर_अंबाजोगाई

फेरीचं उत्तम. त्याच न्यायानं फिट, दमा, गोळ्या चालू असलेलं काहीही. 'शिबिरापुरती गोळी बंद करू' हे परस्पर ठरवू नका. आणि वळवाचं बघा, मेमध्ये संध्याकाळी आभाळ कधी फिरेल नेम नाही. मोबाईलवर विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप घालून ठेवा. गडगडलं की झाडाखालून आणि तंबूतून बाहेर, पक्क्या इमारतीत.

गोदाकाठची

पत्रांचं काय झालं सर?

शिट्टीमास्तर

कालच परतलो. आवाज बसलाय म्हणून लिहितो.

३९ लेकरं आली. जे एक आलं नाही त्याला गोवर. पत्रं ३६ घरांनी दिली, उरलेल्या तिघांना मी, गाईड कॅप्टन आणि स्वयंपाकाच्या मावशींनी लिहिली. मावशींचं मी लिहून घेतलं, त्या सांगत होत्या. ते सगळ्यात भारी होतं.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी सहाला वळीव आलाच. दहा मिनिटांत तीन तंबू झोपले. आम्ही त्याआधीच धर्मशाळेच्या हॉलमध्ये होतो. आठच्या निरोपात लिहिलं: 'पाऊस झाला, सगळे आत आहेत, खिचडी आणि पापड खाल्ला.' एकही फोन आला नाही. एक गाडी मात्र आली, पण ती बोलावलेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन आज्या आणि एक आजोबा, पळसाची पानं आणि गोवऱ्या घेऊन. नातवंडांना ओळख द्यायची नाही असं आधीच ठरलं होतं. एका आजीला ते अर्धा तासच जमलं.

मागच्या वर्षीचा लाडूवाला या वर्षी सातवीत. वीज गेली तेव्हा अंधारात पहिला टॉर्च त्याचा लागला.

शाळेत राहिलेल्या वस्तू: पाण्याच्या बाटल्या चार, त्यातल्या तीन एकाच रंगाच्या, स्कार्फ एक, नाव पुसलेलं, डावी चप्पल एक, मापानं मोठ्या माणसाची, स्टीलचा पेला, त्यावर 'कै. सखारामपंत यांच्या स्मरणार्थ'. सोमवारपर्यंत घेऊन जावं.